गूगल स्कॉलरचं लेखक-प्रोफाइल: समुपदेशन मानसशास्त्रातला संशोधक पारखायला कितपत कामाचं?

पीएचडीसाठी गाईड शोधणारे विद्यार्थी, मुलाखतीआधी उमेदवाराचं काम चाळणारी निवड समिती, एखाद्या चाचणीमागे कोण आहे हे बघू पाहणारे समुपदेशक, सगळेच आधी गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवर जातात. फुकट आहे, लॉगिनशिवाय दिसतं, नाव टाकलं की पान समोर. स्कॉलर 2004 साली सुरू झालं आणि लेखकांच्या प्रोफाइलची सोय 2011 मध्ये आली. सोय उत्तम आहे, पण तिला एक खोड आहे. पान उघडलं की पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा किती वेळा हवाला दिलाय त्याच्या उतरत्या क्रमाने लागलेले असतात, आणि समुपदेशन मानसशास्त्रात हा क्रम चांगलाच चकवतो.

याला मुख्यतः चाचण्या, म्हणजे मोजमापासाठीच्या प्रश्नावल्या कारणीभूत आहेत. समुपदेशक आणि अशील (समुपदेशन घेणारी व्यक्ती) यांच्यातल्या सहकार्याची मांडणी एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये केली: उद्दिष्टांवर एकमत, कामांवर एकमत आणि दोघांतला बंध. होर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी 1989 मध्ये त्यावर आधारलेली, हे सहकार्य मोजणारी 36 विधानांची ‘वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी’ ही चाचणी प्रसिद्ध केली. ही चाचणी वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला त्या पेपरचा हवाला द्यावाच लागतो, आणि बऱ्याचदा तो पद्धतीच्या विभागात एका ओळीत उरकलेला असतो. म्हणजे सायटेशनमधून साधन किती वापरलं गेलं ते कळतं. मागच्या विचारावर पुढे कुणी काही रचलं का, ते कळत नाही. उलट सत्रांची ध्वनिमुद्रणं उतरवून, वाक्यावाक्याला संकेत देऊन केलेलं प्रक्रिया-संशोधन वर्षानुवर्षं चालतं, त्यातून मोजके पेपर निघतात आणि ते यादीत तळाशी जातात. निव्वळ वरचे पाच पेपर बघितले, तर आयुष्यभर थेरपीच्या खोलीत काय घडतं हे अभ्यासणारा माणूस ‘चाचण्या बनवणारा’ वाटू शकतो.

खातरजमा करायची असेल तर पेपरसमोरच्या सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारा. हवाला देणाऱ्या पेपरांची यादी उघडते आणि वर ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’ ही चौकट दिसते. तिच्यात खूण करून त्या संशोधकाच्या मुख्य कल्पनेशी जोडलेला एखादा शब्द शोधा. हजारोंची यादी एकदम आटली, तर बहुतेकांनी फक्त साधन उचललंय असं समजायला हरकत नाही. ही सोय फार कमी लोक वापरतात. खरं तर अख्ख्या सेवेतली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे.

प्रोफाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे ‘इयर’ या रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारणं. यादी वर्षानुसार लागते, नवीन आधी. सुरुवातीला 20 ओळीच दिसतात. ‘शो मोअर’ दाबत तळापर्यंत जा आणि खालून वर वाचा. मग कारकीर्द उलगडायला लागते. करिअर-समुपदेशनाचं उदाहरण घ्या. हॅकेट आणि बेट्झ यांनी 1981 मध्ये स्त्रियांच्या करिअर-निवडीला स्व-क्षमतेच्या (‘हे मला जमेल’ या विश्वासाच्या) कल्पनेची जोड दिली. पुढे 1994 मध्ये लेंट, ब्राऊन आणि हॅकेट यांची सामाजिक-बोधात्मक करिअर उपपत्ती आली. सायटेशनच्या क्रमाने वाचणाऱ्याच्या नजरेत 1994 भरतं. वर्षांच्या क्रमाने वाचणाऱ्याला मात्र या उपपत्तीचा एक धागा तेरा वर्षं आधी, स्त्रियांच्या प्रश्नातून सुरू झाल्याचं दिसतं. गाईडशी पहिल्यांदा बोलताना या दुसऱ्या वाचनाचाच उपयोग होतो.

लेखकांच्या नावांचा क्रमही बघा. प्रयोगशाळांच्या विषयांत शेवटचं नाव म्हणजे मुख्य संशोधक असा रिवाज आहे. इथे तो गृहीत धरू नका, क्रम साधारणपणे योगदानानुसार असतो. एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) नीतिसंहितेतलं कलम 8.12 सांगतं, की अपवाद वगळता, विद्यार्थ्याच्या पीएचडी प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या पेपरमध्ये पहिलं नाव विद्यार्थ्याचं असावं. त्यामुळे प्राध्यापकांच्या मधल्या आणि अलीकडच्या वर्षांत वेगवेगळी नवखी नावं पहिल्या जागी आणि त्यांचं नाव मागे असं दिसत असेल, तर विद्यार्थी पेपरपर्यंत पोचताहेत आणि त्यांना श्रेयही मिळतंय. पहिलं नाव सतत त्यांचंच असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, पण त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना जरूर विचारा.

उजवीकडच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांची 2005 ची कल्पना: किमान तितकीच सायटेशन असलेले पेपर किती, तो आकडा. समजा सहा पेपरांना 40, 22, 9, 5, 4 आणि 1 सायटेशन आहेत. चौथ्याला किमान चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून एच 4. आय10 म्हणजे किमान 10 सायटेशन असलेले पेपर, इथे 2. आता पहिल्या पेपरचे 40 ऐवजी 4000 झाले तरी एच 4 च राहतो. या शाखेत गाजलेलं एखादं पाठ्यपुस्तक अख्खी पिढी वाचते, पण एचमध्ये त्याने फार तर एकाची भर पडते. शेजारी गेल्या काही वर्षांपुरता वेगळा रकाना असतो. वय आणि ज्येष्ठता वेगळी असलेल्या दोघांची तुलना करायचीच असेल तर तो बघा. खालच्या आलेखात शेवटचा दांडा बुटका दिसला म्हणून कारकीर्द उतरणीला लागली असं नाही, चालू वर्ष अजून संपलेलं नसतं.

आता घोळ. प्रोफाइल संशोधक स्वतः सांभाळतो, आणि ‘व्हेरिफाइड ईमेल’चा अर्थ ईमेल खरा आहे इतकाच, यादी कुणी तपासलेली नसते. पेपर आपोआप जोडण्याचा पर्याय चालू ठेवला की सारख्या नावाच्या माणसांचे पेपर आत शिरतात. समुपदेशनाच्या यादीत मध्येच दंतवैद्यकाचा पेपर दिसला तर तो बहुआयामी व्यासंग नसून नावाचा गोंधळ असतो. उलटही घडतं: लग्नानंतर आडनाव बदललं आणि जुने पेपर हाताने जोडायचे राहिले, तर सुरुवातीची वर्षं गायब. एखाद्या आकड्याशेजारी तारांकित खूण असेल तर तिथे अनेक नोंदी एकत्र झाल्यात आणि त्यात दुसऱ्याच लेखाची सायटेशन मिसळलेली असू शकतात. वर दिसणारे अभ्यासविषयही स्वतः टाइप केलेले असतात. ‘काउन्सेलिंग’ एका ‘एल’ने लिहिणारे एका यादीत, दोन ‘एल’ने लिहिणारे दुसऱ्या. शोधताना दोन्ही टाका, नाहीतर अर्धे लोक निसटतील.

स्कॉलरला जर्नलच्या दर्जाची चाळणी नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही यादीत येतात, आणि मागे घेतलेला पेपर तसा ओळखू येईलच याची खात्री नाही. शंका आली तर मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस बघा. तो 2023 पासून क्रॉसरेफ या पेपरांचे डीओआय क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि खुला आहे.

या शाखेतल्या कामाचा मोठा हिस्सा तर प्रोफाइलमध्ये येतच नाही: प्रशिक्षणार्थींच्या सत्रांचं पर्यवेक्षण, विद्यापीठातलं समुपदेशन केंद्र चालवणं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेची कामं, जर्नलचं संपादन. दहा वर्षं मुख्यतः हेच केलेल्या माणसाचं प्रोफाइल बारीक दिसतं. त्यासाठी विभागाच्या पानावरचा सीव्ही आणि ऑर्किड या संशोधकांना ओळखक्रमांक देणाऱ्या सेवेवरची नोंद सोबत ठेवा. ऑर्किड 2012 पासून आहे, ओळखक्रमांक 16 स्थानांचा. त्यात शिक्षण, नोकऱ्या, अनुदानं आणि पेपर-परीक्षणाची कामं नोंदवता येतात, आणि प्रत्येक नोंदीखाली ती कुणी भरली तेही दिसतं. संस्थेने किंवा प्रकाशकाने भरलेली नोंद जास्त भरवशाची. पान रिकामं दिसलं तर संशोधकाने ते भरलं नसेल किंवा खासगी ठेवलं असेल.

अभ्यासक्षेत्र नेमकं कळून घ्यायचं असेल तर एपीएचं सायकइन्फो (मानसशास्त्रातल्या संशोधनाचा डेटाबेस) स्कॉलरपेक्षा सरस आहे. ते सशुल्क आहे, ग्रंथालयातूनच मिळण्याची शक्यता जास्त. पण तिथे विषय ठरावीक संज्ञासूचीतून लावलेले असतात आणि संशोधनपद्धती, वयोगट, वापरलेल्या चाचण्या यांनुसार गाळणी लावता येते. अमुक संशोधकाने किशोरवयीनांवर गुणात्मक पद्धतीने काय केलंय, हा प्रश्न स्कॉलरला नीट विचारताच येत नाही.

कारकिर्दीचा पहिला नकाशा म्हणून पाचपैकी चार, माणसाची पारख म्हणून दोन. वापरायचं ठरवलं तर ‘फॉलो’ दाबा आणि पहिलाच पर्याय, नवीन लेखांचा, निवडा. ‘नवीन सायटेशन’ला खूण केली आणि तो संशोधक चाचणीकर्ता निघाला, तर इनबॉक्स त्याच एका पेपरच्या हवाल्यांनी भरेल.