घरशाळा की झेडपीची शाळा: आम्ही दोन्ही करून पाहिलं

साडेदहा वाजले की आमच्या गल्लीत शुकशुकाट व्हायचा. पोरं शाळेत गेलेली असायची आणि आमची लेक ओट्यावर बसून रिकामा रस्ता बघत असायची. तिला आम्ही पहिलीत घातलंच नव्हतं. बायकोची बँकेत बदलीची नोकरी, मी घरून अनुवादाचं काम करणारा. म्हटलं, गाव बदललं तरी घर तेच राहील, घरीच शिकवू. तीन वर्षं शिकवलं. मग साताऱ्याजवळच्या गावात आल्यावर तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत घातलं. आता सातवीत आहे. त्यामुळे कुणी विचारलं की मी दोन्हीकडचं बोलतो, आणि दोन्हीकडच्या मंडळींना ते फारसं आवडत नाही.

आधी कायदा, कारण पहिली भीती त्याचीच असते

घरी शिकवणं बेकायदा आहे का? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यातलं कलम १० सांगतं. पण कर्तव्य पाळलं नाही तर पालकांना शिक्षा काय, हे कायद्यात कुठेच नाही. घरशाळेचा तर उल्लेखही नाही. म्हणजे मान्यता नाही आणि उघड मनाईही नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला शिक्षक दारात येतात तेव्हा या अधांतरी अवस्थेचा अर्थ कळतो. आमच्याकडे आले होते. चहा घेतला, लेकीकडून सतराचा पाढा म्हणून घेतला आणि जाताना म्हणाले, "रकान्यात काय लिहू ते तुम्हीच सांगा."

परतीचा रस्ता मात्र कायद्याने मोकळा ठेवलाय. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला वेगळं शिकवायचं असतं. आधीच्या गावातल्या एका शाळेतल्या लेखनिकाने "मागचा दाखला आणा, मग बोलू" म्हणून आम्हाला दोनदा परत पाठवलं होतं. इथल्या मुख्याध्यापक बाईंनी जन्मदाखला पाहिला आणि पाच मिनिटांत नाव घातलं. हा परतीचा हक्क देणारं कलम ४ पाठ असलेलं बरं.

वेळ कुणाचा जातो

पहिली ते पाचवीला शाळेने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवावं, असा नियम आहे. म्हणजे दिवसाला चार तास. घरी एकाच मुलाला शिकवताना तेवढा पाठ्यक्रम रोज दीड तासात व्हायचा. हे ऐकून लोक हरखतात. मीही हरखलो होतो.

पण उरलेल्या दिवसाचं काय? लेकीचं खरं शिकणं त्या उरलेल्या दिवसातच व्हायचं, आणि त्याला वेळापत्रक नव्हतं. अपूर्णांक तिला जेवताना समजले. ताटात चतकोर भाकरी वाढली तर म्हणाली, "अजून एक चतकोर दे, म्हणजे अर्धी होईल." मी चतकोराचे दोन तुकडे केले आणि याला नितकोर म्हणतात असं सांगितलं. थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग विचारलं, "मग अर्ध्या भाकरीत चार नितकोर?" पुस्तकातला अपूर्णांकांचा धडा आम्ही नंतर नुसता चाळला. त्याच दुपारी मला वीस पानं द्यायची होती. सहा झाली.

घरशाळेचा गुण आणि किंमत दोन्ही त्या एका दुपारी दिसले. मूल प्रश्न विचारेल तेव्हा एक मोठं माणूस रिकामं असावं लागतं. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई असते आणि तिची नोकरी गेली तर तो खर्च कुणी मांडतही नाही. "आम्ही घरीच शिकवतो" असं जे बाबा कौतुकाने सांगतात, त्यांना मी पुढचा प्रश्न विचारतो: मंगळवारी सकाळी अकराला घरी कोण असतं?

झेडपीच्या शाळेत फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, गणवेश आणि दुपारची खिचडीही मिळते. वेळ मात्र तिथेही द्यावाच लागतो, फक्त कमी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. मी समितीत आहे. महिन्याला दोन-तीन तास जातात. त्या तासांत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आलं, हे मी मिरवून सांगतो.

शाळेत कुठे खटकतं

दोन शिक्षकांवर चार वर्ग. त्यातले एक सर निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्या बाईंपुढे चारही वर्ग एका खोलीत. शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत असं कायदा म्हणतो, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं काम त्यातून वगळलेलं आहे. शिवाय रोजची ऑनलाइन माहिती भरणं वेगळंच. अशा दिवशी लेक घरी येऊन सांगते, "आज शुद्धलेखन." म्हणजे काही झालं नाही.

घरी तिने ज्या वेगाने मराठी वाचलं, तो शाळेत मंदावला, हेही खरं. तिचं वाचून झालेलं पुस्तक वर्गात तीन आठवडे चालायचं.

आणि जे मला घरी जमलं नाही

पहिल्या महिन्यात एकदा ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाबा, उत्तर येत असलं तरी गप्प बसावं लागतं. बाकीच्यांचाही नंबर असतो." घरी तिचा नंबर कायम पहिला होता, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

खिचडीच्या रांगेचंही तसंच. कागदावर पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम. जमिनीवर एका ओळीत ऊसतोडीच्या टोळीतली पोरं, सरपंचांचा नातू आणि आमची लेक. घरशाळेत आम्ही 'सोबत' म्हणून पोहणं, चित्रकलेचा वर्ग आणि अशाच दुसऱ्या कुटुंबांबरोबर सहली केल्या. छान झाल्या, पण ती सगळी आमच्यासारखीच माणसं होती. शाळेने तिला जी माणसं दिली ती मी निवडून आणू शकलो नसतो. माझं मन शाळेकडे झुकलं ते इथे.

कागद आणि परीक्षा

लहान वर्गांत कुणी कागद विचारत नाही, पुढे विचारतात. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायला १७ नंबरचा फॉर्म असतो, पण त्याला शाळेची किमान पाचवी लागते. मुळातच शाळेत न गेलेलं मूल तिथे अडकतं. मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ ला सुरू झालेली ही संस्था वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसू देते. पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि मराठी विषय घेता येतो. रस्ता पक्का आहे, फक्त फॉर्मपासून सगळं आपणच बघायचं. शिष्यवृत्ती परीक्षा आणि नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा घरशाळेतल्या मुलाला देता येत नाही, कारण दोन्हींना शाळेतला प्रवेश लागतो.

घरशाळेच्या गप्पांत मुंबईच्या मालविका जोशीचं नाव निघतंच. सातवीत शाळा सोडली, संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. अर्धी गोष्ट सांगायची राहते: बारावीचा कागद नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं. तीन पदकं आपल्या मुलाच्या खिशात नसतील असं धरूनच बेत आखावा.

तुमचं कुठे बसतं

मूल शाळेच्या गोंगाटाने आजारी पडतं, खेळाचा किंवा गाण्याचा सराव दिवसाचे पाच-सहा तास घेतो, किंवा दर वर्षी गाव बदलतं, आणि घरात एक माणूस खरोखर मोकळं आहे, तर घरशाळा करा. पहिल्या तीन-चार वर्षांत काही बिघडत नाही. नुसतं "शाळेत काही शिकवत नाहीत" म्हणून करणार असाल तर आधी शाळा बघून या. पंधरा ऑगस्टला नको, सप्टेंबरातल्या एखाद्या साध्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. चार वह्या उघडा. शिक्षकाची लाल शाई पानोपानी आहे का? स्वच्छतागृहाला कुलूप आहे का? समितीची शेवटची बैठक कधी झाली?

आणि घरी शिकवायचं ठरलंच, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर करून बघा, स्वतःचं काम न सोडता. जन्मदाखल्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. पाचवीला मुलाला निदान एक वर्ष शाळेत घाला, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म हातात राहतो.