तीस खाटांना किती सिस्टर? नियमाचा तक्ता की कामाचा हिशेब

माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी घरी आली होती. नागपुरातल्या शंभर खाटांच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती आता नर्सिंग इन्चार्ज आहे. "मॅडम, स्टाफ कमी आहे म्हणून मी रोज सांगते. ट्रस्टी म्हणतात, किती कमी आहे ते कागदावर दाखव. कसं दाखवू जी?" तिच्यासमोर दोन रस्ते होते. एक इंडियन नर्सिंग कौन्सिलचं खाटांमागचं प्रमाण आणि दुसरा जागतिक आरोग्य संघटनेची विस्न पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष काम मोजून माणसं काढणं. याच पेचातले मेट्रन आणि व्यवस्थापक मला भेटतात, आणि एम.एस्सी. नर्सिंगच्या किंवा पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) प्रबंधासाठी विषय शोधणारी मुलंही. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे जरा ऐसपैस.

लोकसंख्येमागचं प्रमाण आधीच बाजूला ठेवते. हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि मिडवाइफ मिळून २.२८ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालातला. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांनंतर, २०१६ मध्ये, ४.४५ हा नवा आकडा आला. राज्यात किती नर्सिंग कॉलेजं हवीत या चर्चेला हे आकडे ठीक, वॉर्डाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. शिवाय नागपुरात भागायचं कोणत्या लोकसंख्येने? मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत भंडारा, गोंदिया, गडचिरोली असतंच, पण छिंदवाडा, बैतूल, बालाघाटही असतं. नुसत्या शहराच्या लोकसंख्येने भागलं तर इथे सगळं भरपूर आहे असंच दिसेल.

आता खाटांमागचं प्रमाण. कौन्सिलचा नियम सगळ्यांना पाठ असतो: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक स्टाफ नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आयसीयूत एकास एक, आणि वर ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या बदल्यात जादा माणसं. याचा मोठा गुण असा की उत्तर दोन मिनिटांत निघतं आणि त्यावर मोहोर असते. तपासणीला आलेल्या माणसाला तेच हवं असतं, पदं मंजूर करणाऱ्या बाबूलाही तेच हवं असतं.

पण त्यात एक मेख आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. तीनास एक हे एका पाळीचं प्रमाण नाही. कौन्सिलच्याच तक्त्यात त्याचा उलगडा 'प्रत्येक पाळीला १:९' असा केलेला आहे. म्हणजे तीन पाळ्या मिळून तीन खाटांना एक माणूस. त्याच हिशेबाने पाचास एक म्हणजे एका पाळीत पंधरा रुग्णांना एक सिस्टर. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये कायदा झाला, २००४ पासून तो लागू झाला, आणि २००५ पासून तिथल्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच रुग्ण, प्रत्येक पाळीला, रात्रीसकट. त्यांचं पाचास एक आणि आपलं पाचास एक कागदावर सारखंच दिसतं, प्रत्यक्षात तिप्पट फरक आहे. ट्रस्टींपैकी कोणाची मुलगी अमेरिकेत नर्स असेल तर बैठकीत हा घोळ हमखास होतो.

दुसरा दोष खाटेचाच. खाट काम करत नाही, खाटेवर काम येतं. आपल्याकडे वॉर्डाची गणती रात्री बाराच्या सेन्ससवर, म्हणजे त्या वेळी खाटेवर असलेल्या रुग्णांच्या मोजणीवर होते. सकाळी अकराला एक बाई डिस्चार्ज होऊन गेली आणि दुपारी चारला त्याच खाटेवर दुसरी आली, तरी रजिस्टरात खाट एकच. प्रत्यक्षात तिथे एक डिस्चार्ज, एक अॅडमिशन, दोन केसपेपर, दोनदा व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप), दोनदा नातेवाइकांना समजावणं झालेलं असतं. आणि जिथे खाली गाद्या टाकून रुग्ण ठेवावे लागतात तिथे तर मंजूर खाटा आणि रुग्ण यांचा संबंधच उरत नाही.

विस्न, म्हणजे वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड, हिशेब उलट्या बाजूने करते. ही पद्धत पीटर शिप यांनी १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडली, सुधारित मार्गदर्शिका २०१० मध्ये आली. मार्गदर्शिका आणि सॉफ्टवेअर दोन्ही फुकट. तत्त्व साधं आहे: एक माणूस वर्षात खरोखर किती तास कामाला हाती लागतो ते काढायचं, प्रत्येक कामाला नीट करायचं तर किती वेळ लागतो ते ठरवायचं, वर्षभरात ते काम किती वेळा झालं याने गुणायचं, आणि आलेल्या तासांना एका माणसाच्या तासांनी भागायचं.

तिच्यासमोर मी कागदावर एक नमुना मांडला. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. तीस खाटांचा फिमेल मेडिसिन वॉर्ड. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ ऑफ, १२ सुट्ट्या, १५ अर्जित रजा, ८ सीएल, ५ आजारपणाच्या, ३ प्रशिक्षणाच्या वजा केल्या की उरतात २७०. आठ तासांनी गुणले की २,१६० तास. वर्षभरात रुग्णदिवस ९,०००. औषधं, इंजेक्शन, सलाईन, व्हायटल्स, नोंदी धरून दर रुग्णदिवसाला दीड तास, म्हणजे ६.२५ माणसं. अॅडमिशन २,४००, प्रत्येकी ४० मिनिटं: ०.७४. तितकेच डिस्चार्ज, अर्धा तास: ०.५६. ऑक्सिजनवरच्या, तासातासाला बघाव्या लागणाऱ्या रुग्णांचे १,२०० दिवस, प्रत्येकी तीन तास जास्तीचे: १.६७. बेरीज ९.२१. आता ओव्हर देणं-घेणं (पाळी बदलताना रुग्ण सोपवणं), इंडेंट (सामानाची मागणी), राऊंड, रजिस्टरं यांत सगळ्यांचाच २० टक्के वेळ जातो, वरच्या कामाला ८० टक्केच उरतो, म्हणून १.२५ ने गुणायचं: ११.५. इन्चार्जचे ड्युटी लावणं, बैठका, स्टॉक याचे रोज दोन तास, म्हणजे आणखी पाव माणूस. एकूण पावणेबारा. म्हणजे बारा.

वॉर्डात आहेत नऊ. विस्नचं गुणोत्तर, म्हणजे आहेत भागिले हवेत, साधारण ०.७६. एकाच्या खाली जितकं जाईल तितका ताण.

आता तोच वॉर्ड कौन्सिलच्या पाचास एकने मोजा. ३० भागिले ५ म्हणजे सहा, रजा राखीव धरून आठ. आहेत नऊ. म्हणजे एक सिस्टर जास्तीची! तीनास एक लावलं तर तेरा. एकच वॉर्ड, त्याच बाया, आणि उत्तर आठ, बारा की तेरा. शिक्षण देणारं रुग्णालय नाही म्हणून ट्रस्टी आठच धरणार, हे तिलाही माहीत होतं. नऊ जणींत रजा धरून रोज साडेसहाच्या आसपास हजर, म्हणजे पाळीला दोन, कधीमधी तीन. बारा झाल्या तर रोज नऊच्या जवळपास, पाळीला तीन. सगळी मागणी एवढ्यासाठीच असते, पाळीला एक माणूस.

मला विस्नमधलं सगळ्यात उपयोगी पान वाटतं ते हातात येणाऱ्या तासांचं, आणि तेच लोक घाईत उरकतात. वरच्या नमुन्यात ९५ दिवस रजा-सुट्ट्यांत गेले, २७० कामाचे. म्हणजे राखीव ३५ टक्के लागतं, ३० पुरत नाही. त्यात बाळंतपणाची रजा धरलेलीच नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ती २६ आठवडे आहे, आणि आपल्या वॉर्डांत पंचविशी-तिशीच्या मुली असतात. नऊ जणींत वर्षाला एक गेली तरी माणशी कामाचे सतरा दिवस कमी होतात, आणि गरज पाऊण माणसाने वाढते. ही रजा तिचा हक्क आहे. तिच्या जागी माणूस न देणं हा हिशेबातला दोष, पण त्याची बोलणी उरलेल्या आठ जणी तिलाच लावतात. कागदावर हा आकडा आला की निदान ते थांबतं.

विस्न सगळ्या दुखण्यांवर औषध आहे असं मात्र समजू नका. कामाचे वेळ ठरवायला मी एकदा, दुसऱ्या एका रुग्णालयात, घड्याळ घेऊन उभी राहिले होते. पहिल्या दिवशी सगळ्या सिस्टर पुस्तकात लिहिल्यासारखं इंजेक्शन देत होत्या. चौथ्या दिवशी माझी सवय झाली आणि वेळ निम्म्यावर आला. खरा वेळ कोणता? मार्गदर्शिकेचं उत्तर असं की दोन्ही नाही: प्रशिक्षित, मनापासून काम करणारा माणूस इथल्या परिस्थितीत ते काम व्यवसायाच्या दर्जाला धरून करेल त्याला जो वेळ लागेल, तो. म्हणजे अनुभवी सिस्टरांनी एकत्र बसून ठरवायचा. घड्याळ फक्त पडताळ्याला. आजचं कसंबसं उरकलेलं काम मोजून मापदंड केला तर उद्याही तसंच उरकायला लागेल इतकीच माणसं मिळतील.

त्याहून अवघड प्रश्न नातेवाइकांचा. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी झाली का बघणं, सॅम्पल लॅबला नेणं, सलाईनची बाटली वर धरून एक्स-रेपर्यंत स्ट्रेचरमागे चालणं, हे कोण करतं? मावशी आणि मामा (वॉर्डातले मदतनीस) असतात तेव्हा ते, नाहीतर रुग्णाची आई नाहीतर सून. हा आपल्या वॉर्डांतला न मोजलेला स्टाफ आहे. खाटांच्या प्रमाणात तो दिसत नाही आणि विस्नमध्येही, तुम्ही मुद्दाम ओळ टाकली नाही तर, दिसत नाही. माझं मत: ओळ टाका. दोन बेरजा करा, एक नातेवाईक आहेत असं धरून आणि एक नाहीत असं धरून. दुसरी बेरीज ट्रस्टी मान्य करणार नाहीत, पण पहिलीला फुगवलेली म्हणायची त्यांची हिंमत कमी होईल.

तिसरी गोष्ट हंगामाची. विस्न वर्षाची बेरीज घेते आणि नागपूरचं वर्ष सपाट नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, उष्माघाताच्या रुग्णांसाठी कोल्ड वॉर्ड उघडावा लागतो, पावसाळा सरता सरता डेंग्यू येतो. सरकारी रुग्णालयांत त्यावर दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची आरोग्य पथकं आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनाच्या ड्युट्या. सरासरीत हे सगळं विरघळून जातं. म्हणून बारा महिन्यांचे आकडे वेगवेगळे ठेवा, बारा ओळींचा एक साधा तक्ता पुरे.

आज रात्री कोणाला कुठे पाठवू, या प्रश्नाला यातलं काहीच उत्तर देत नाही. त्याला रुग्णाच्या गरजेनुसार प्रतवारी लागते: स्वतः चालणारी, मदत लागणारी, सतत बघावी लागणारी. इंग्लंडमध्ये यासाठी तयार साधनं वापरतात, आणि तिथल्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये स्पष्टच सांगितलं की सगळीकडे चालेल असं एकच प्रमाण नाही, मात्र दिवसा एका नर्सकडे आठांपेक्षा जास्त रुग्ण गेले तर धोक्याची घंटा समजा. प्रतवारीचा तोटा एवढाच की ती पाळीगणिक भरावी लागते, आणि महिनाभरात प्रत्येक वॉर्डातला प्रत्येक रुग्ण 'सतत बघावा लागणारा' होतो.

ट्रस्टी आणखी एक विचारतात: माणसं वाढवून रुग्णांचं काय भलं होणार? नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास इथे कामी येतो. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स थकून जाण्याची २३ टक्क्यांनी. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांतही तोच ७ टक्के. हे सांगताना दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगा. हे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, माणसं वाढवून पाहिलेला प्रयोग नव्हे. आणि पेनसिल्व्हेनियात चारावरून आठ रुग्ण झाले की काय होतं ते मोजलंय. आपण पंधराला उभे आहोत.

मग निवड? पदं मंजूर करून घ्यायची असतील, तपासणी असेल, किंवा नवं रुग्णालय उभं राहतंय आणि मागच्या वर्षाची रजिस्टरंच नाहीत, तर प्रमाणाशिवाय पर्याय नाही. सरकारी आरोग्य केंद्रात असाल तर आधी २०२२ चे इंडियन पब्लिक हेल्थ स्टँडर्ड्स उघडा. पण माणसं आहेत तितकीच राहणार आणि वॉर्डावॉर्डांत वाटायची आहेत, किंवा नऊ माणसं 'पुरेशी' आहेत असं तुम्हाला कोणीतरी सुनावतंय, तर विस्नच घ्या. शंभर खाटांना, रोजचं काम सांभाळून, दीड-दोन महिने धरा. प्रबंधासाठी करणाऱ्यांनी एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढावी. निरीक्षण रुग्णांचं नसून स्टाफचं आहे म्हणून ती लागत नाही, असा एक गोड गैरसमज आहे.

तिला मी दोन्ही कागद एकाच पानावर, शेजारी शेजारी न्यायला सांगितले. डावीकडे आठ, उजवीकडे बारा, मधल्या चार माणसांचं काम कोणतं ते खाली तीन ओळींत. ११.७७ असा आकडा बैठकीत काढू नकोस म्हटलं, त्या ०.७७ वरच अर्धा तास जातो. आणि सुरुवात आयसीयूपासून करू नकोस. तिथे किती खाटा आणि किती व्हेंटिलेटर एवढ्यावर बरंचसं उत्तर मिळतं. फिमेल मेडिसिन घे, नाहीतर प्रसूती. तिथे खाटा आणि काम यांची फारकत सगळ्यात जास्त आहे, आणि गेल्या बारा महिन्यांची अॅडमिशन रजिस्टरं तिथल्या इन्चार्जच्या कपाटात असतातच.