ऐनाचं लाकूड सांगून सावरीचं बसवलं, खोड्यात माझे २५,८५० रुपये गेले

कुडाळ तालुक्यात आमचं घर. तीन म्हशी, दोन गाई, दूध डेअरीला घालतो. लाळ्या-खुरकताची लस असो, कानात बिल्ला मारायचा असो की रेतन, दर वेळी जनावर माडाला बांधायचं आणि चौघांनी धरून ठेवायचं. मार्चमध्ये आमच्या चंद्री म्हशीने डॉक्टरांना लाथ मारली. ते म्हणाले, "वहिनी, आधी खोडा बांधून घ्या, मग मला बोलवा." त्यांचं काही चुकलं नाही. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून आत उभं करायची लाकडी चौकट. मी तो बांधून देणारा माणूस शोधायला लागले.

नंबर ओळखीतूनच मिळाला. त्याच्या स्टेटसला चांगले आठ-दहा खोड्यांचे फोटो होते. बोलायला गोड. "वहिनी, काय काळजी करू नकात, मी आसंय." अस्सल ऐनाचं लाकूड, पाच बाय पाच इंची चार खांब आठ फुटांचे, आत सात फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा, पुढे-मागे काढता येणारी दांडकी. २४,५०० रुपये. १२,००० आगाऊ मागितले, मी त्याच संध्याकाळी फोनवरून पाठवले. दोन ठिकाणी भाव विचारला होता, दोघांनी ३०,००० च्या वर सांगितला होता, म्हणून हा मला वाजवी वाटला. लगेच "एवढ्या स्वस्तात ऐन मिळतं का" असं विचारू नका. मी बीकॉम आहे, घरचा सगळा हिशोब मीच ठेवते. पण लाकडाचा व्यवहार आमच्याकडे आजवर पुरुषांनीच केला, आणि नवरा रत्नागिरीला नोकरीला.

मे महिन्यात टेम्पो आला. सगळे खांब जळक्या ऑइलने काळे केलेले. "वाळवी लागू नये म्हणून घरूनच लावून आणलं," म्हणाला. मला उलट बरं वाटलं, काम नीट करतोय असं वाटलं.

आणि आता ते सांगते, जे आठवलं की अजून रात्री झोप येत नाही. टेम्पोतून खांब उतरवणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगाने किडकिडीत. एका खांद्यावर अख्खा खांब आणि दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावून बोलत बोलत तो अंगणातून गेला. ऐनाचा तेवढा खांब वाळलेला असला तरी तीसेक किलोच्या घरात भरतो. माझे सासरे पडवीत बसले होते. त्यांनी बघितलं आणि हाक मारली, "गो, ह्या लाकूड येवढा हलका कसा?"

मी काय म्हटलं? "बाबा, तुम्ही आत बसा, मी बघते." त्या माणसासमोर म्हटलं. ज्यांनी आयुष्यभर ऐनाचे वासे खांद्यावरून आणले त्यांना मी गप्प केलं. बाबा उठून आत गेले. तो माणूस तोवर खड्ड्याजवळ काहीच ऐकलं नाही असा वाकून काम करत होता. उभा खांब नखाने टोचून बघितला असता तर कळलं असतं. एका टोकाला ऑइल खरवडलं असतं तरी आतला पांढरा रंग दिसला असता. ऐनाचं लाकूड तपकिरी, काळपट. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते, म्हणून तर त्याने सगळी साल काढून, ऑइल लावून आणलं. लाकूड नेहमी कोरं बघा. ऑइल, रंग, डांबर, जे लावायचं ते आपल्या अंगणात, आपल्यासमोर लावून घ्या.

त्या दिवशी ८,००० दिले. बोल्ट आणि पट्ट्यांचे म्हणून वेगळे १,८५० घेतले, ते ठरलेल्या दरात नव्हते. खड्डे अडीच फूट ठरले होते. जांभा कठीण लागला म्हणून दीड फुटावर पहार थांबवली आणि वरून सिमेंटची कॉलर मारली, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. राहिलेले ४,५०० पावसानंतर द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी आपला पोरगा आजारी आहे म्हणून तो माणूस दारात उभा. मी ४,००० दिले. "पाचशे राहू देत वहिनी," म्हणाला, आणि मला तो माणूस चांगला वाटला. निघताना खोड्याजवळ मला उभी करून फोटो काढला.

ऑक्टोबरमध्ये लसीला डॉक्टर आले. चंद्रीला आत घेतलं, मागचं दांडकं सरकवलं, तिने एक धक्का दिला आणि मागचा उजवा खांब जमिनीलगत मोडला. कडकन आवाजसुद्धा नाही, ओला पुठ्ठा फाटावा तसा. चंद्रीचा गुडघा फाटला, औषधपाण्याला १,४०० गेले. डॉक्टर बाजूला उभे होते म्हणून वाचले. बुंध्यात बोट घातलं तर पेरभर आत गेलं. बाबांनी तुकडा हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "सावर." काटेसावर. ज्या लाकडाच्या आगपेटीच्या काड्या होतात, ते त्याने म्हशीला अडवायला लावलं होतं. एक पावसाळासुद्धा टिकलं नाही.

त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. "काम झालंय ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, ऐन सांगून सावर दिली ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी वाचून गेले होते. साहेब म्हणाले, "लाकूड तुम्ही बघून घ्यायला हवं होतं." साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. उद्या गेले, तर अर्ज सापडेना. ग्रामपंचायतीत गेले, तर योजनेतलं काम नाही, आमचा संबंध नाही. शेवटी वनखात्याच्या माणसाला विचारलं की असं लाकूड विकणाऱ्यावर काही करता येतं का, तर तो मलाच विचारतो, "ऐन घेतलंत ना, मग वाहतुकीचा परवाना कुठे आहे?" म्हणजे ज्याने लुटलं त्याला कुणी शोधायचं नाही, आणि लुटली गेली तिच्याकडे कागद मागायचा! तरी हे त्याच्याकडूनच शिकले: ऐन तोडायला परवानगी लागते, तेव्हा ऐन म्हणून कुणी माल आणला तर आधी कागद मागा. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे बहुधा ऐनही नाही.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, अर्ज लिहून तयार आहे. त्यात समोरच्याचा पूर्ण पत्ता लिहायचा आहे आणि माझ्याकडे फक्त बंद पडलेला नंबर आहे. पहिला रुपया देण्याआधी आधारची झेरॉक्स घ्या, घर बघून या. लाज वाटू देऊ नका, मला वाटली होती.

हे मी लिहिणार नव्हते, गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण परवा वेंगुर्ल्याहून माझ्या मावसबहिणीने एक फोटो पाठवला आणि विचारलं, हा माणूस आमच्याकडे खोडा बांधायला येतोय, १५,००० आगाऊ मागतोय, ही तूच ना? नवा नंबर, आणि स्टेटसला माझाच फोटो. काळा कुळकुळीत खोडा, आत चंद्री, बाजूला निळ्या साडीतली बाई हसते आहे. ती मी आहे. तो फोटो दाखवून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.