मुक्ता, नोटो की तिरो? स्क्रीनवरच्या मराठीसाठी फॉन्ट निवडताना

नमुन्याच्या पानावर बोटभर उंचीचं 'अ आ इ ई' पाहून फॉन्ट ठरवू नका. तेवढ्या आकारात सगळेच देखणे दिसतात. ज्या आकारात मजकूर वाचला जाणार आहे, त्याच आकारात साध्या पडद्यावर 'घन-धन, भात-मात, बट-वट' लिहा आणि हातभर अंतरावरून वाचा.

मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही खुल्या परवान्याचे, मोफत. खरा फरक रेषेत आहे. मुंबईच्या 'एक टाइप'च्या मुक्तामध्ये रेषेची जाडी जवळपास सारखी आणि अक्षरांची पोटं मोकळी. १४ पिक्सेललाही 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ नीट दिसते. तिरोला जाड-बारीक वळण आहे. लहान आकारात बारीक भाग पुसट होतो आणि 'बट'चा 'वट' वाचला जातो. पण १८ पिक्सेलच्या पुढे, लांबलचक लेख किंवा कथा असेल, तर मी तिरोच घेईन. त्यात डोळा ओळीवरून सहज सरकतो.

तिरोला ठळक वजन, म्हणजे जाड रेषेचा प्रकार नाही, फक्त साधं आणि तिरपं. ठळक मागितलं की ब्राउझर रेषा फुगवतो आणि पोटं बुजतात. म्हणून मथळे मुक्तात ठेवा, त्याची ७ वजनं आहेत. बटणं, फॉर्म, मेनू यांनाही तोच. एकाच पानावर अनेक लिप्या नांदणार असतील, तर नोटो.

मराठी वळणाचे ल आणि श तिरोच्या मराठी आवृत्तीत थेट मिळतात. इतरत्र ते फॉन्टमध्ये असावे लागतात, शिवाय पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवावं लागतं. हे विसरलं की हिंदी वळण उमटतं आणि मला ते प्रत्येक ओळीत खुपतं. 'दर्या' आणि 'दऱ्या'ही शेजारी लिहून पाहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फॉन्टने दोन्ही वेगळे दाखवलेच पाहिजेत.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी नको. वरच्या ओळीत 'राष्ट्र' आणि बरोबर त्याखाली 'कर्मचाऱ्यांनी' येऊ द्या. 'ष्ट्र'चा पाय खालच्या रफाराला टेकला, तर अंतर वाढवा.