इंदूरमधील आहार-डबा आणि व्यायामवर्ग: सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता केलेल्या तपासणीत माझे वजन 78.4 किलो भरले. उंची 156 सेंटिमीटर असल्यामुळे बॉडी मास इंडेक्स 32 च्या वर गेला होता, आणि भारतीय शरीरयष्टीसाठी 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर 98 सेंटिमीटर होता. बायकांसाठी तो 80 च्या आत असावा असे डॉक्टरांनी सांगितले. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी तपासणी) 6.1 टक्के आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हा मी शहराच्या पश्चिम भागातील एका आहारतज्ज्ञ बाईंची सेवा घेतली. आठवड्याचे सहा दिवस दोन वेळचा डबा, तीन दिवस सकाळी व्यायामवर्ग आणि पंधरवड्याला एक भेट, असे तिचे स्वरूप आहे. महिन्याला 6,500 रुपये पडतात. पुढे तक्रारही लिहायची असल्याने नाव देत नाही.

पहिल्या भेटीला त्यांनी मला घरची फोडणीची पळी, पोळीला तूप लावायचा चमचा आणि आमटीची वाटी घेऊन यायला सांगितले होते. टेबलावर एक मापपात्र ठेवून त्यांनी प्रत्येकात पाणी भरून मोजले. आमची पळी 12 मिलिलिटरची निघाली. मी मात्र इतकी वर्षे ‘एक पळी तेल’ म्हणजे एक लहान चमचा असेच धरत आले होते. मग त्यांनी विचारले, “काकू, महिन्याला तेल किती लागतं तुमच्याकडे?” चार माणसांत चार लिटर, असे मी सांगितले. त्याचा हिशेब माणशी रोज 33 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम झाला, आणि तेलाच्या एका ग्रॅमात 9 कॅलरी असल्यामुळे निव्वळ तेलातून पोटात जाणाऱ्या 270 कॅलरी माझ्यासमोर कागदावर उभ्या राहिल्या. त्यांनी कोणताही पदार्थ बंद करायला सांगितला नाही. दोन महिन्यांत घरचे तेल दोन लिटरवर आणा, एवढेच सांगितले. इतक्या सोप्या शब्दांत मला हे आजवर कुणीही समजावले नव्हते, आणि या सेवेचे खरे मोल मला या तासाभराच्या भेटीतच वाटते.

डबा स्टीलचा, चार कप्प्यांचा असतो. दुपारी दोन फुलके किंवा एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एक भाजी, कोशिंबीर आणि ताक. रात्री त्याहून थोडे हलके जेवण. शाकाहारी घरात कमी पडणाऱ्या प्रथिनांकडे त्यांचे नीट लक्ष आहे. मूग, मटकी, हरभरा, पनीर, सोयाबीनच्या वड्या आलटून पालटून येतात, त्यामुळे चार वाजता काहीतरी तोंडात टाकण्याची माझी जुनी सवय फारसा त्रास न होता सुटली. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, ज्याला इकडे मोरधन म्हणतात, आणि दह्यातली काकडी येते. घरात सासूबाई असल्यामुळे उपासाचे पथ्य सांभाळले गेले, याचे मला फार समाधान वाटले.

इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगणे व्यर्थ असते, आणि त्यांनी ते सांगितलेही नाही. आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत तेल बेताचे असते. भर पडते ती वरच्या शेवेने आणि शेजारच्या जिलेबीने. पन्नास ग्रॅम शेवेत अडीचशेहून अधिक कॅलरी असतात. त्यामुळे आता रविवारी एक प्लेट पोहे, त्यावर मटकीची उसळ आणि चमचाभर शेव, अशी माझी न्याहारी असते. जिलेबी मी महिन्यातून एकदा खाते. सराफ्यातल्या, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या फेऱ्या मात्र मी स्वतःहून थांबवल्या, कारण तिथे मोजून खाणे मला जमत नाही.

डब्याबद्दल एकच तक्रार आहे. कोशिंबिरीला सकाळीच मीठ लावलेले असते, त्यामुळे एक वाजेपर्यंत तिला पाणी सुटून ती मऊ पडते. मीठ-लिंबू वेगळे द्यावे, असे मी दोनदा लेखी कळवले. अजून फरक पडलेला नाही.

व्यायामवर्गाबद्दल मला अधिक कडक लिहावे लागेल. पहिल्या महिन्यात पंचविशीतल्या मुली आणि पन्नाशीच्या आम्ही बायका एकाच रांगेत उड्या मारत होतो. गुडघ्यांविषयी कुणी विचारले नाही. तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा गुडघा सुजला आणि पंधरा दिवस घरी बसावे लागले. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड आणि सपाट रस्त्यावर झपझप चालणे, एवढेच ठरवून दिले. वजन उतरताना स्नायूही झिजतात, म्हणून चालण्याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम हवाच; पण तो ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे हवा. तक्रार केल्यावर तिसऱ्या महिन्यापासून वेगळी तुकडी सुरू झाली, ही त्यांची जमेची बाजू. मी आता त्या वर्गाबरोबर नेहरू पार्कात आठवड्याला एकूण 150 मिनिटे चालते.

सर्वांत मोठा आक्षेप त्यांच्या जाहिरातीच्या पत्रकावर आहे. ‘एका महिन्यात 8 किलो’ असे त्यावर ठळक छापलेले आहे. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी धरल्या, तर आठ किलोंसाठी रोज दोन हजारांहून अधिक कॅलरींची तूट लागेल. माझे शरीर दिवसभरात तेवढ्या खर्चही करत नाही. पहिल्या आठवड्यात माझे दोन किलो उतरले, तेव्हा त्यात बरेचसे पाणी आहे, असे बाईंनी स्वतःच सांगितले. भेटीत इतके खरे बोलणाऱ्या व्यक्तीच्या नावाने असे पत्रक वाटले जावे, याचे मला दुःख वाटते. माझ्या ओळखीच्या दोघी त्या आकड्यावर विसंबून आल्या आणि महिन्याला दोन किलो उतरूनही निराश होऊन सोडून गेल्या.

सहा महिन्यांत माझे वजन 71.9 किलोवर आले, कमर 90 सेंटिमीटर झाली आणि साखर 5.8 वर उतरली. चौथ्या महिन्यात काटा अजिबात हलला नाही. हलक्या शरीराला कमी अन्न पुरते, हे समजावून त्यांनी तेव्हा डबा न घटवता चालणे वाढवायला सांगितले, आणि तो सल्ला बरोबर ठरला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच डबा लावावा, कारण खाणे घटले की औषधाचे प्रमाणही बदलावे लागू शकते. सेवेकडून याची विचारणा व्हायला हवी होती.

पुढचे तीन महिने मी फक्त दुपारचा डबा घेणार आहे. रात्रीचा स्वयंपाक घरीच होतो, आणि फोडणीसाठी जुन्या पळीच्या जागी आता पाच मिलिलिटरचा चमचा आहे.