नक्षी होती, पकड नव्हती: जुन्या पोलो जीटीला घेतलेले टायर

श्रावणातल्या एका शनिवारी आईला पेठहून नाशिकला आणत होते. सावळघाटातल्या उतरत्या वळणावर मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच निघाली. वेग चाळीसच्या आत. डॅशबोर्डवर ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा फडफडला, एका चाकाला आपोआप ब्रेक लागल्याची घरघर झाली आणि कठड्याच्या दोन हात अलीकडे गाडी वळली. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, रस्ता ओला आहे." पण काहीतरी झालं होतं, आणि ते मला रात्रभर कळत होतं.

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०१९ मध्ये जुनी घेतली, तेव्हाच चारही टायर नवे टाकले होते. आता तिला अकरा वर्षं झाली, पण पाय दाबला की आजही ती पोटात गोळा आणते, आणि घाटात चालवताना मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात होत नाही. म्हणून टायरचा प्रश्न माझ्यासाठी फक्त खर्चाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेप्थ गेजने नक्षी, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली, मोजली. मधे ३.४ मिलिमीटर, पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर २.३. कायद्याची आणि टायरवरच्या खुणेची मर्यादा १.६. म्हणजे कागदावर टायर चांगला. गोटा तर मुळीच झाला नव्हता. मग गाडी सरळ का गेली?

मी अंबड एमआयडीसीत रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. रबर किती कडक आहे हे मोजायचा ड्युरोमीटर रोज माझ्या हातात असतो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो पार्किंगमध्ये नेला आणि सावलीत गार झालेल्या टायरवर टेकवला. शोअर ए मापावर ७७, ७८, ७६, ७७; आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. इतक्या कडक रबराचे भाग आम्ही वेगळ्या कामासाठी बनवतो, ओल्या डांबराला चिकटून राहण्यासाठी नाही.

रबर साच्यातून बाहेर आलं म्हणजे त्याचं शिजणं संपलं असं नसतं. रबराच्या साखळ्या जोडणारे गंधकाचे दुवे उष्णतेने वाढत राहतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो, आत मिसळलेलं तेल हळूहळू निघून जातं. उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात जरा लवकरच. टायरची पकड म्हणजे रबराने रस्त्याच्या बारीक खडीत स्वतःला दाबून घेणं. कडक रबर खडीच्या टोकांवरून नुसतं सरकत जातं. नक्षीचं काम पाणी बाहेर काढण्याचं; पाणी निघून गेल्यावर धरून ठेवायचं काम रबराचं. साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, डॉट कोड वाचला: शेवटचे चार आकडे १८१९. म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. सव्वासहा वर्षं.

मग शोध सुरू झाला. पहिला मोह रुंद टायरचा. मूळ माप १८५/६० आर१५: रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम पंधरा इंची. ऑफिसातल्या प्रत्येकाचं म्हणणं, "ताई, एकशे पंच्याण्णव टाका, गाडी रस्त्याला चिकटेल." हिशोब मांडून बघितला. मूळ चाकाचा व्यास ६०३ मिलिमीटर. १९५/६० घेतला तर ६१५, म्हणजे दोन टक्के मोठा: मीटरवर शंभर दिसतील तेव्हा गाडी खरी एकशे दोनने पळणार आणि प्रत्येक गिअर तेवढा लांब पडणार. १.२ लिटरच्या इंजिनाला खालच्या वेगात ते जाणवतं. १९५/५५ चा व्यास ५९५ च्या आसपास, तो जवळचा पर्याय. पण साइडवॉल जेमतेम १०७ मिलिमीटरची. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी खोदलेलं असताना द्वारका चौकाकडच्या चरांत रिम वाकवून घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय या मापात मनासारखा टायर मिळायलाही हवा. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, त्यानंतर पंधरा इंची रिमवाल्या स्पोर्टी गाड्यांसाठी बाहेरून येणारे टायर शोधणं जड झालं. जे एक-दोन दुकानांत दिसले त्यांचा भाव एका टायरला नऊ हजारांच्या पुढे. माझं बजेट सगळं धरून चोवीस हजार.

म्हणून ठरवलं, माप मूळचंच ठेवायचं. पैसे रुंदीवर घालायचे नाहीत, ताज्या रबरावर घालायचे.

सातपूरला सीएटचा कारखाना आहे, त्यामुळे नाशिककराच्या तोंडी ते नाव आधी येतं. माझ्याही आलं, पण त्या आठवड्यात मी गेले त्या दुकानात माझ्या मापाचा ताजा माल नव्हता. मिशलिनचा भाव साडेसात हजारांच्या घरात गेला. शेवटी अपोलोचा अल्नॅक ४जी घेतला, १८५/६० आर१५, ८४ एच. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, तिथे एच कशाला, असं कुणी विचारेल. वेगाचं अक्षर म्हणजे मुळात उष्णता सोसायची ताकद. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर चार माणसं आणि सामान घेऊन सलग दोन तास पळणाऱ्या टायरला ती ताकद उपयोगी पडते.

टायर कुठला यापेक्षा तो कुणाकडून घेतला हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. पहिल्या दुकानात, नाव घेत नाही, टायरवरचा कोड बघू द्यायलाच तयार नव्हते. "मॅडम, सील केलेला माल आहे, जुना कसा असेल?" मी वाकून वाचला, तर अडीच वर्षांपूर्वीचा. वर त्यांच्या मुलाने माझ्या पुढच्या चाकाकडे बघून कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, काढायचा सल्ला दिला; म्हणजे जॅक लावून स्ट्रट, चाक धरणारा सस्पेन्शनचा खांब, वाकवायचा. पोलोच्या पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, अलाइनमेंटमध्ये जुळवता येतो. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, आहे, तिथे जुळवायला काही नाहीच. स्ट्रटला जॅक लावून तो सरळ करणं म्हणजे हाड मोडून बसवण्यासारखं. तिथून निघाले.

पाथर्डी फाट्याजवळचं दुसरं दुकान लहान आहे. एक अलाइनमेंटचा रॅम्प, एक बॅलन्सिंग मशीन, दारात चहाची किटली. मालक पन्नाशीचे, मी त्यांना दादा म्हणते. ड्युरोमीटर पिशवीतून काढला तेव्हा मला वाटलं हे वैतागतील. ते टेबलावरची पावती बाजूला ठेवून उठले, म्हणाले, "थांबा ताई, मलाही बघू द्या." त्यांनी गोडाउनमधून चार टायर आणले. तिघांवर २८२५, म्हणजे जुलै २०२५ चे; चौथ्यावर ४१२३. मी बोट ठेवायच्या आत तेच म्हणाले, "हा नको, उद्या दुसरा मागवतो." दुसऱ्या दिवशी आला. चारही टायरवर सुई ६५-६६ वर थांबली. जुन्यापेक्षा दहा-बारा अंकांनी मऊ. त्यांनी स्वतः जुन्यावर आणि नव्यावर दोन-तीन वेळा टेकवून बघितला आणि त्यांच्या पोरालाही बोलावून दाखवला.

भाव सांगते. एका टायरचे ५,१९०. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हाच टायर आठवडाभर आधी ५,६३० च्या आसपास पडला असता. चार टायरमागे सतराशे रुपये वाचले, आणि अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह मिळून १,४०० लागले ते त्यातच निघाले. जुन्या चारचे हजार रुपये परत मिळाले. पावती पक्की.

बसवताना दोन गोष्टी मनाला भिडल्या. बोल्ट गनने थोडेच आवळले आणि शेवटी टॉर्क रेंच लावून १२० न्यूटन-मीटरवर थांबवले; फोक्सवॅगनला तेवढेच लागतात. आणि माझ्या आधी एक जण फक्त दोनच टायर घ्यायला आला होता, त्याला पुढे हवे होते. दादांनी त्याला समजावलं की नवे मागे घाल. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि तुझ्या हातात काही राहत नाही. दुकानदार स्वतःचा वेळ घालवून हे सांगतो, याला मी मोल देते.

नवरात्रात टायर बसले आणि त्याच आठवड्यात पावसाने झोडपलं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर मी सांभाळून चालवलं. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य पृष्ठभागावरून झिजून जायला तेवढं लागतं. त्यानंतरच्या शनिवारी पेठची फेरी. सावळघाटातलं तेच वळण, तसाच पाऊस, वेग तोच. गाडी वळली. दिवा पेटला नाही. कोटंबी घाटातही नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला ओल्या रस्त्यावर पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, तेही थांबलं. खड्ड्यात धक्का आता मणक्यापर्यंत येत नाही, आई न विचारता म्हणाली, "गाडी मऊ झाली का गं?"

हा स्पोर्ट्स टायर नाही आणि कंपनी तो तसा विकतही नाही. कोरड्या घाटात जोरात वळवलं की साइडवॉल आधी किंचित झुकते, मग गाडी वळते. तो क्षणभराचा उशीर मला मान्य आहे. ज्याला स्टिअरिंगचं उत्तर तत्काळ हवं, ज्याचे रस्ते चांगले आहेत आणि ज्याच्याकडे चार टायरला छत्तीस-चाळीस हजार आहेत, त्याने १९५/५५ शोधावा. शहरातलं मायलेज पूर्वीसारखंच तेराच्या आसपास आहे. हवा मी थंड टायरमध्ये ३३ पीएसआय ठेवते. सिन्नरकडून समृद्धीवर चढल्यावर काँक्रीटचा घोंघाट येतो, पण तो आधीच्या टायरवरही येत होता.

आतापर्यंत २,३०० किलोमीटर झाले. परवा अलाइनमेंट पुन्हा तपासायला गेले होते, त्याचे दादांनी पैसे घेतले नाहीत. डिकी उघडून त्यांनी स्टेपनीवरचा कोड वाचला. २०१४. कधी खालीच उतरली नव्हती, नक्षी जशीच्या तशी, आणि सुई थेट ८१ वर. पाचवा टायर पुढच्या पगाराला सांगून ठेवलाय, ताज्या आठवड्याचाच.