आम्हाला फोन न करणारे वसतिगृह

माझी मुलगी पश्चिम महाराष्ट्रातील एका सार्वजनिक विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि तिथल्या संशोधक विद्यार्थिनींच्या वसतिगृहात राहायला लागून तिला येत्या जुलैत तीन वर्षे होतील. विद्यापीठाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ती अजून तिथेच राहते आणि पुढे काही तक्रारी येणार आहेत. मी स्वतः एका महाविद्यालयात शिकवत असताना अकरा वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, काही काळ शिस्तपालन समितीवरही होते. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी इतर पालक पंखा फिरतो का आणि खिडकीला जाळी आहे का हे पाहत होते, तेव्हा माझी नजर दारावरच्या रजिस्टरकडे आणि सूचनाफलकाकडे गेली. तिथे नियमावली लावलेली होती, आणि तिच्याखाली ती कोणत्या तारखेला कोणी मंजूर केली हेही छापलेले होते. आमच्या वेळी आमच्याकडे नियम होते, पण ते बहुतेक माझ्या डोक्यात होते.

इमारतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका खोलीत दोघी राहतात, कपाटांना कुलपे लागतात, सौर बंबाचे पाणी सकाळी साडेआठपर्यंत गरम असते आणि पावसाळ्यात ते जेमतेम कोमट येते. इंटरनेट तिसऱ्या मजल्यावर चालते, तळमजल्यावर चालत नाही. स्वच्छता चांगली आहे, आणि तिचे श्रेय तिथे वीस वर्षे काम करणाऱ्या दोन मावशींना द्यायला हवे.

पैशाच्या बाबतीत मात्र इथल्या कार्यालयाचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीधारकांना ४२,००० रुपये मिळतात. परंतु वसतिगृहात राहणाऱ्यास घरभाडे भत्ता मिळत नाही, केवळ वसतिगृहाचे शुल्क भरून मिळते, आणि त्यात मेस, वीज व पाणी यांचा खर्च धरला जात नाही. साहजिकच सगळी रक्कम एका ओळीत लिहिलेली पावती संशोधकाच्या उपयोगाची नसते, कारण ती लेखा विभागातून हमखास परत येते. इथे पावती पहिल्या दिवसापासून बाबवार मिळते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण अशा एका पावतीसाठी तीन-तीन महिने हेलपाटे घालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मेस ठेकेदाराची आहे आणि जेवण मेसच्या जेवणासारखे आहे: पोळ्या बऱ्या, उसळी पातळ, रविवारच्या फीस्टला गर्दी. मुलीची खरी अडचण खाड्यांची होती. तिचा अभ्यास सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, उगवणाऱ्या वनस्पतींचा असल्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ती महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेर असते, आणि जुन्या नियमानुसार सलग पाच दिवसांचा खाडा असल्याखेरीज पैसे वजा होत नसत. मेस कमिटीने हा प्रश्न बैठकीत मांडला आणि क्षेत्रकार्याचे विभागाचे पत्र असेल तर दोन दिवसांचा खाडाही धरावा, असे ठरवून घेतले. उसळ अजून पातळच आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, तो सांगते. गोळा केलेली रोपे टिपकागदात घालून लाकडी चौकटीत दाबून ठेवतात आणि ती वाळेपर्यंत कागद रोज बदलावे लागतात. जुलैच्या दमट हवेत कागदच वाळत नाहीत, नमुन्यांवर बुरशी चढते आणि आठवड्याभराची पायपीट वाया जाते. विभागात वाळवणीचे कपाट आहे, पण त्या खोलीला संध्याकाळी सहाला कुलूप लागते. गेल्या वर्षी मुलीने खोलीत एक छोटा हीटर आणून चौकटीसमोर ठेवला. वसतिगृहात उष्णता निर्माण करणारे कोणतेही उपकरण वापरण्यास मनाई आहे, हे तिला पुरते ठाऊक होते. तिसऱ्या रात्री सगळ्या मजल्याची वीज गेली आणि हीटर सापडला.

दुसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मी नंतर वाचली आणि, खरे सांगायचे तर, जुन्या सवयीने तिच्यात चुका शोधल्या. कोणत्या नियमाचा भंग झाला, तो केव्हा आणि कोणी पाहिला, खुलासा करण्यासाठी सात दिवसांची मुदत, सुनावणीस सोबत एक व्यक्ती आणण्याची मुभा आणि निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी विकास संचालकांकडे दाद मागण्याची तरतूद, हे सर्व एका पानात होते. सुनावणी तीन जणांच्या समितीपुढे झाली. त्यांत एक संशोधक प्रतिनिधी होती, आणि ज्या रेक्टरांनी हीटर पकडला होता त्या समितीत बसल्या नाहीत, त्यांनी फक्त आपले म्हणणे मांडले. जो तक्रार करतो त्यानेच निवाडा करू नये, हे तत्त्व आम्ही प्रशिक्षणांत ऐकत आलो. पण आमच्या समितीत हीटर पकडणारी, जाब विचारणारी आणि माफीनामा लिहून घेणारी बाई एकच असे, आणि ती बहुधा मीच असे.

निर्णय सकारण आणि लेखी मिळाला. पाचशे रुपये दंड, लेखी ताकीद, आणि हीटर वसतिगृह सोडेपर्यंत भांडारात जमा, तोही पावतीवर. याखेरीज समितीने विभागप्रमुखांना वेगळे पत्र पाठवून पावसाळ्याचे चार महिने वाळवणीची खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली. नियम मोडला म्हणून शिक्षा झाली आणि नियम मोडण्याची वेळ का आली याचाही विचार झाला, अशी दोन पत्रे एकाच प्रकरणात निघालेली मी सगळ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती.

या सर्व काळात आम्हा आईवडिलांना ना फोन आला, ना पत्र. दिवाळीत घरी आल्यावर मुलीनेच फराळाच्या वेळी सहज सांगितले. आई म्हणून मला त्या क्षणी राग आला. आपल्या मुलीला नोटीस मिळते आणि आपल्याला पत्ता नसतो, हे पचायला जड गेले. पण मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. नोटीस तिच्या नावाची होती, दंड तिने तिच्या अधिछात्रवृत्तीतून भरला, आणि अशा प्रकरणात मला कळवण्याचे कोणतेही कारण वसतिगृहाकडे नव्हते.

मी रेक्टर असताना असा विचार केला नव्हता. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी एका रात्री नऊची वेळ टळून चाळीस मिनिटे झाली तरी परतली नाही, तेव्हा नियमाप्रमाणे मी तिच्या घरी फोन केला. दहा मिनिटांनी ती आली, हातात ग्रंथालयाची पुस्तके घेऊन. मी पुन्हा फोन करून सगळे ठीक असल्याचे सांगितले, परंतु सकाळी साडेसातला तिचे वडील फाटकाशी उभे होते आणि दुपारच्या एस.टी.ने तिची ट्रंक गावी गेली. उरलेले वर्ष तिने येऊन-जाऊन केले असे मैत्रिणींकडून कळले. माझ्या रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद ‘पालकांना कळविले’ एवढीच आहे.

अर्थात पालकांना पूर्ण वगळावे असे कायद्याचेही म्हणणे नाही. रॅगिंग कसे रोखावे हे सुचवणाऱ्या राघवन समितीच्या शिफारशींनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम केले, आणि त्यांनुसार विद्यार्थ्याबरोबर पालकांनीही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वसतिगृहासाठी ते वेगळे भरावे लागते. मुलगी सज्ञान, संशोधक आणि करदाती असली तरी त्या कागदावर माझी सही आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा त्याआधीचा, १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दोष सिद्ध झाल्यास पाच वर्षे कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाला चौकशी करावी लागते. या वसतिगृहाची जमेची बाजू अशी, की हीटर आणि रॅगिंग या दोन गोष्टी इथे एका फायलीत जात नाहीत. प्रत्येक मजल्यावर राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आणि लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आहेत, आणि ती नावे चालू वर्षाची आहेत. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या अध्यक्षांचे नाव मिरवणारे फलक मी इतके पाहिले आहेत, की ही बाब मला लिहिण्याजोगी वाटली.

तक्रारी तीन आहेत. पहिली प्रवेशद्वाराची. रात्री साडेदहानंतर येणाऱ्या संशोधिकेला प्रयोगशाळेचे पत्र दाखवावे लागते, आणि ते दर महिन्याला नव्याने आणावे लागते. ज्या यंत्रणेने घरी फोन करणे सोडले, तिने हे मासिक पत्र का धरून ठेवले आहे हे मला कळलेले नाही. पहाऱ्यावरचे मामा मुलींना चेहऱ्याने ओळखतात आणि पत्र न बघताच आत सोडतात, म्हणजे प्रत्यक्षात नियम त्यांच्या चांगुलपणावर चालतो. त्यांची रात्रपाळी बदलली की मुलींची पंचाईत होते.

दुसरी तक्रार रेक्टरपदाची आहे आणि ती या एका विद्यापीठाची नाही. तीन वर्षांत तिथे तीन रेक्टर झाल्या. हे पद प्राध्यापकांना अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले जाते. दिवसभर तासिका आणि विभागाचे काम, रात्री दोनला कोणाच्या पोटात दुखले तर दवाखाना, आणि त्याबद्दल मिळणारा भत्ता सांगायलाही संकोच वाटावा असा. नव्या रेक्टरला मागच्या प्रकरणांची माहिती होईपर्यंत तिची बदली होते. अनधिकृतपणे राहणाऱ्या पाहुण्यांचा, ज्यांना पुण्याकडच्या वसतिगृहांत सर्रास पॅरासाइट म्हणतात, प्रश्न इथे सुटत नाही तो यामुळेच. पहिल्या रेक्टरांनी दंड लावला, दुसऱ्यांनी माफ केला, तिसऱ्यांनी अचानक तपासणी करून परीक्षेसाठी दोन रात्री आलेल्या बहिणीलाही त्याच यादीत घातले.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. नियमानुसार प्रबंध सादर केल्यापासून तीस दिवसांत खोली रिकामी करावी लागते. प्रबंध परीक्षकांकडे जाऊन अहवाल येणे आणि मग मौखिक परीक्षा होणे यात कित्येक महिने जातात. त्या काळात अधिछात्रवृत्ती संपलेली असते, नोकरी लागलेली नसते, परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी प्रयोगशाळा मात्र लागते. वसतिगृहात सर्वांत कमी त्रास देणारी आणि छपराची सर्वांत जास्त गरज असणारी विद्यार्थिनी नेमकी तेव्हा बाहेर काढली जाते. खोल्या कमी आणि प्रतीक्षा यादी मोठी हे कारण मला मान्य आहे, कारण तेच कारण मीही देत असे. पण मौखिक परीक्षेपर्यंत निदान पाहुण्यांच्या दराने राहू द्यावे, एवढी सोय करणे अशक्य नाही.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी अर्जासोबत नियमावलीची प्रत मागून घ्यावी. मागितल्यास ती मिळते. मेसची अनामत रक्कम वसतिगृहाच्या अनामतीपेक्षा वेगळी असते, तिची पावती ठेकेदाराकडून वेगळी घ्यावी. मुलीचा प्रबंध पुढच्या वर्षी सादर होईल. खोलीची मुदत वाढवून मिळावी म्हणून तिने आतापासूनच कार्यालयात अर्ज दिला आहे, आणि मी न सांगताच त्याची पोच घेतली आहे.